लहान मुलांना अक्षर काढायला शिकवताना: पान नंतर बघा, आधी हात बघा

आमची मोठी साडेतीन वर्षांची असतानाच मी तिला ठिपक्यांची वही आणून दिली होती. रोज दोन पानं गिरवायची, पानं अगदी छापल्यासारखी दिसायची, मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे आणि सगळे वा वा करायचे. वर्षभराने एकदा सहज तिच्या शेजारी जाऊन बसले तर बघते काय, बाईसाहेब प्रत्येक दांडा खालून वर नेतायत, न हे अक्षर काढताना आधी दांडा, मग उलटं डावीकडे येऊन गाठ, आणि क चं पोट तर दर वेळी वेगळ्याच ठिकाणाहून सुरू. ठिपके मात्र सगळे जोडलेले, त्यामुळे पान सुंदर! मी वर्षभर फक्त पान बघत होते, हात बघितलाच नव्हता. ती सवय मोडायला पुढे सहा महिने गेले, आणि दोघींची जी चिडचिड झाली ती वेगळीच.

धाकट्याच्या वेळी मग सगळं उलट केलं. खाली लिहिलंय ते त्या दोन अनुभवांतून आणि मधल्या काळात जे वाचलं, विचारलं त्यातून आलंय. पहिल्यांदाच मुलाला लिहायला शिकवत असाल तर क्रमाने वाचा, मूल आधीच लिहित असेल तर सरळ अक्षरांच्या भागावर गेलात तरी चालेल.

पायरी १: पेन्सिल द्यायच्या आधी

सगळ्यात पहिला प्रश्न असतो की कितव्या वर्षी सुरू करायचं. वयापेक्षा मूल कुठले आकार बघून काढू शकतं ते बघा. साधारण २ वर्षांच्या आसपास उभी रेघ जमते, मग आडवी, ३ च्या सुमारास गोल, ४ ला अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन, आणि तिरप्या रेघा म्हणजे फुली, त्रिकोण वगैरे ५ च्या आसपास. दोन-चार महिने इकडे तिकडे होतात, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण ज्या मुलाला अजून तिरपी रेघ काढता येत नाही त्याच्याकडून र किंवा ख काढून घ्यायचा हट्ट करणं म्हणजे चालता न येणाऱ्याला पळवणं. ते रडणार, तुम्ही चिडणार, आणि वहीवर राग निघणार.

हाताचंही तसंच. लहान मुलाच्या मनगटातली हाडं जन्मतः कूर्चाच असतात, ती हळूहळू कडक होत जातात आणि ते काम पुढे बरीच वर्षं चालू असतं. त्यात पेन्सिल धरायला लागणारी ताकद फक्त बोटांची नसते, खांदा स्थिर पाहिजे, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी बोटं. खुर्चीत लोळत बसणारं मूल वाईट अक्षर काढतं ते बऱ्याचदा आळसामुळे नाही, त्याची पाठ आणि खांदाच दमतो.

म्हणून आधीचे काही महिने खेळायचे. माती मळणं, तिचे साप आणि गोळ्या करणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं-काढणं, ओला रुमाल पिळणं, कागद फाडून चिकटवणं, बोथट टोकाची कात्री, शर्टाची बटणं, मणी ओवणं, बागेत दांड्याला लोंबकळणं. यातलं एकही अभ्यासासारखं वाटत नाही आणि सगळं लिहिण्याच्याच कामाचं आहे. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडली ती भिंत. मोठा कागद भिंतीला मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायचा आणि खडू हातात द्यायचे. उभ्या कागदावर रंगवताना मनगट आपोआप मागे झुकतं आणि लिहायला नेमकं तसंच मनगट लागतं, वेगळं काही सांगावं लागत नाही. (कागदाच्या बाहेर भिंतीवरही थोडं जाणार हे धरून चाला.)

पायरी २: बसणं आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण पाच मिनिटांत होतो. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, खुर्ची उंच असेल तर पायाखाली डबा, जाड पुस्तकं, काहीही ठेवा. टेबल साधारण कोपराच्या उंचीला. जमिनीवर मांडी घालून लिहायचं असेल तर समोर बुटकं डेस्क घ्या, वहीवर ओणवं होऊन लिहायची सवय लागू देऊ नका. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा कागद जरासा डावीकडे कललेला, डावखुऱ्याचा उजवीकडे. आणि दुसरा हात कागद धरायला, हनुवटी धरायला नाही! कागद सरकत राहिला की अक्षर बिघडतं आणि मुलाला कळत नाही का बिघडलं.

पायरी ३: पेन्सिल

बारीक, लांब, शार्प केलेली पेन्सिल लहान हाताला जड जाते. सुरुवातीला खडूचे तुकडे, मेणखडूचे तुकडे, आणि पेन्सिल असेल तर बोटभर उरलेली. तुकडा इतका छोटा असतो की मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो, म्हणजे पकड शिकवायचं निम्मं काम तो तुकडाच करतो. आपण घरात असे तुकडे टाकून देतो आणि जाड रबरी ग्रिप विकत आणतो. पाटी आणि पाटीची पेन्सिल मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पाटी थोडी खरखरीत असते, हात कुठे चाललाय ते मुलाला बोटात जाणवतं. व्हाइटबोर्डवर मार्कर सरकतो फार, तो मला सुरुवातीला पटत नाही.

पकड शिकवायची एक सोपी युक्ती आहे. पेन्सिल टेबलावर अशी ठेवा की टोक मुलाकडे असेल. अंगठा आणि पहिल्या बोटाने ती टोकाच्या जरा वरती, साधारण दोन सेंटीमीटरवर, चिमटीत उचलायला सांगा, आणि मग दुसऱ्या हाताने पेन्सिलची शेपटी गोल फिरवून अंगठ्याच्या खोबणीत टेकवायची. मधलं बोट खालून आधाराला. आमच्याकडे याला पेन्सिलची कोलांटी म्हणतात, धाकटा ती इतक्या वेळा मारायचा की लिहायला सुरुवात करायला दहा मिनिटं. उरलेली दोन बोटं भरकटत असतील तर त्या दोन बोटांत कागदाचा छोटा बोळा धरायला द्या, "हा पडू द्यायचा नाही". बोटं आपोआप मिटून राहतात.

आता एक दिलासा. तीन बोटांची पुस्तकी पकड हीच एकमेव बरोबर असं आपल्याला वाटतं, पण चौथीतल्या १२० मुलांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली छापून आला होता, त्यात तीन बोटांची, चार बोटांची, आणि अंगठा पेन्सिलवर आडवा जाणाऱ्या दोन्हींच्या पकडी अशा चार प्रकारांची तुलना होती, आणि अक्षराच्या वेगात किंवा वाचता येण्यात पकडीमुळे फारसा फरक दिसला नाही. तेव्हा चौथं बोटही पेन्सिलला लागतंय म्हणून रोज हातावर चापट मारू नका. हात दुखतोय का, बोटांची टोकं पांढरी पडतायत का, पेन्सिल बोटांनी हलतेय की अख्ख्या हाताने, एवढं बघा. मूठ करून धरत असेल तर मात्र तुकड्यांवर परत जा, आणि तेही ४ वर्षांच्या आत असेल तर नुसतं थांबा.

दाबून लिहिणाऱ्याला कागदाखाली मऊ काहीतरी द्या, दुमडलेला रुमाल वगैरे, जोर दिला की भोक पडतं आणि मूल स्वतःच हलका हात ठेवायला शिकतं. पुसट लिहिणाऱ्याला २बी पेन्सिल, ती एचबीपेक्षा मऊ असते, कमी जोरात गडद उठते.

पायरी ४: अक्षराच्या आधीच्या रेघा

उभी, आडवी, तिरपी दोन्ही बाजूंनी, अर्धगोल उघडं तोंड उजवीकडे, अर्धगोल उघडं तोंड डावीकडे, पूर्ण गोल, आणि गाठ. देवनागरीतलं जवळपास सगळं यातून बनतं. गाठ वेगळी शिकवा, कारण ती बहुतेक जण शिकवतच नाहीत आणि मग मुलं तिथे नुसता ठिपका गिरगटून ठेवतात.

हे सगळं आधी मोठ्ठं करायचं. हवेत अख्खा हात फिरवून, मग जमिनीवर खडूने, मग ताटात वाळू पसरून बोटाने. धुळाक्षरं हा शब्द काय उगाच नाही आला आपल्याकडे, धुळीत बोटाने अक्षर काढणं हीच लिहिण्याची सुरुवात होती. वाळूचा एक मोठा फायदा असा की चुकलं तर ताट हलवलं की गायब, त्यामुळे चुकण्याची भीतीच राहत नाही.

हवेत अक्षर दाखवताना मुलाच्या समोर तोंड करून उभं राहू नका, त्याला ते उलटं दिसतं. त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून.

दोन नियम इथेच पक्के करून टाका, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. मोठीच्या वेळी झालेल्या गोंधळाचं मूळ हेच, की हे दोन नियम पक्के केले नव्हते.

पायरी ५: अक्षरं, पण क ख ग च्या क्रमाने नाही

क ख ग घ ही ओळ उच्चाराच्या हिशोबाने लावलेली आहे, तोंड पाठ करायला उत्तम, हाताला मात्र अवघड, कारण पहिल्याच तीन अक्षरांत तीन वेगळ्या हालचाली आहेत. हाताला एकसारख्या चालीची अक्षरं एकत्र हवीत. जुन्या मंडळींनी ग म भ न आधी ठेवलं त्याचं हेच कारण. ग म्हणजे वरून खाली रेघ आणि शेवटी गाठ, मग हात उचलून दांडा. न म्हणजे गाठ, आडवी रेघ, दांडा. म मध्ये वरून खाली, गाठ, आडवी, दांडा. म आला की त्याला डोक्यावर वळण दिलं की भ. एका गाठीवर चार अक्षरं, आणि तेवढ्यात नग, मन, गगन, नमन असे शब्दही होतात, म्हणजे मुलाला पहिल्या आठवड्यातच काहीतरी खरं लिहिल्याचा आनंद.

पुढचं कुटुंब व, ब, क. दांड्याच्या जागेपासून डावीकडे निघून गोल फिरून परत तिथेच, मग दांडा, झाला व. पोटात तिरपी रेघ दिली की ब, उजवीकडे शेपूट वळवली की क. तिसरं प, ष, फ आणि त्यांच्याच शेजारचे य, थ. चौथं मानेवाले, ट ठ ढ द, यांना पूर्ण दांडा नाही, शिरोरेषेपासून छोटी मान आणि खाली गोल. ट उघडा, ठ बंद, ढ च्या पोटात गाठ, द ला शेवटी शेपूट. मग र, स, ख. र नीट आला की स म्हणजे र ला आडवी दोरी बांधून दांड्याला जोडला, आणि ख म्हणजे र चा पाय व ला चिकटला. तो पाय नीट चिकटला पाहिजे, नाहीतर ख चा रव होतो आणि "खडू" वाचताना "रवडू" ऐकायला मिळतं. इ, ड, ह, झ, छ ही वळणांची अक्षरं सगळ्यात शेवटी ठेवा. क्ष, ज्ञ ची घाई तर अजिबात नको.

ल आणि श बद्दल एक सूचना. फोनवर, कॉम्प्युटरवर बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात. नेटवरून सरावाची पानं प्रिंट करत असाल तर आधी ही दोन अक्षरं तपासा, नाहीतर पुस्तकात एक आणि वहीत दुसरं, मूल म्हणतं हे कुठलं अक्षर.

पायरी ६: एक अक्षर, दहा मिनिटं

समजा आज म आहे. मी धाकट्याच्या शेजारी बसते, एक मोठा म काढते आणि काढता काढता बोलते: "वरून खा...ली, गाठ, आडवी, दांडा." काही समजावत नाही, फक्त एवढंच. परत एकदा. तिसऱ्यांदा तो बोलतो आणि मी काढते, आणि मुद्दाम चुकते, खालून सुरू करते, तो ओरडतो "वरून!" मग तो वाळूत काढतो, बोलत बोलत. मग मी माझा म हाताने झाकते आणि सांगते आता न बघता काढ. बिघडतो बऱ्याचदा, गाठ राहून जाते. झाकलेला उघडून तो स्वतःच बघतो काय राहिलं. नंतर वहीत चार किंवा पाच, त्याच्यावर नाही. शेवटी विचारते यातला सगळ्यात झकास कुठला, तो त्याला गोल करतो, आणि माझा अनुभव असा की पोरं निवडतात ते नेमकं बरोबर निवडतात.

तेवढ्या वेळात माझे डोळे त्याच्या पेन्सिलच्या टोकावर असतात. सुरुवात कुठून झाली, हात कुठे उचलला. वाकडा पण बरोबर चालीने काढलेला म मला चालतो, तो सहा महिन्यांत आपोआप सरळ होतो. सुंदर पण उलट्या चालीचा म चालत नाही, कारण पुढे भराभर लिहायची वेळ आली की तोच आधी मोडतो.

चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं पुष्कळ झाली, पाच-सहा वर्षांच्याला दहा, फार तर पंधरा. रोज. रविवारी बसवून एकदम तासभर केलेलं काही कामाचं नाही.

आता पानभर लिहून घेण्याबद्दल, कारण हे सगळीकडे चालतं. वरती एक कित्ता आणि खाली दहा वेळा तेच. ते पान कधीतरी नीट बघा, पहिली ओळ बरी, दुसरी जरा ढिली, आणि शेवटची म्हणजे कोंबडीचे पाय. कारण मूल वरच्या कित्त्याकडे बघतच नाही, ते आपल्याच आधीच्या ओळीची नक्कल करत जातं, आणि चुकीची नक्कल अजून चुकते. त्यापेक्षा दोन-दोन अक्षरांनंतर तुम्ही परत एक कित्ता काढून ठेवा, किंवा सरळ पाचवर थांबा. घरी पानं भरून आणायचा होमवर्क असेल तर तो मोडून दिवसात दोन-तीनदा थोडा थोडा करून घ्या.

गिरवायचं की नाही

गिरवणं एकदम बंद करा असं मी म्हणत नाही. पहिल्या दोन-चार वेळा हाताला रस्ता कळायला बरं असतं, आणि ठिपक्यांऐवजी सुरुवातीची जागा दाखवणारा ठळक टिंब आणि बाण असेल तर अजून बरं. पण ते लवकर सोडायचं. अजून वाचता न येणाऱ्या, ५ वर्षांच्या आसपासच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१२ मध्येच छापून आलाय. मुलांनी काही अक्षरं नुसती बघून हाताने काढली, काही गिरवली, काही कीबोर्डवर दाबली, आणि नंतर ती अक्षरं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. हाताने बघून काढलेली अक्षरं बघताना मेंदूतले वाचनाशी संबंधित भाग जागे झाले, गिरवलेली आणि टाइप केलेली बघताना तसं झालं नाही. मला हे वाचून आमच्या मोठीची ती सुंदर पानं आठवली. गिरवताना मूल फक्त पुढचा ठिपका शोधत असतं, म कसा असतो हे त्याला ठरवावंच लागत नाही. स्वतः काढताना दर वेळी ठरवावं लागतं, म्हणूनच तो वाकडा येतो आणि म्हणूनच डोक्यात राहतो.

टॅबवर बोटाने गिरवायची ॲप्स मी याच खात्यात टाकते, वर काच गुळगुळीत.

पायरी ७: शिरोरेषा, काना, वेलांटी

इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं वरच्या रेघेला लोंबकळतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. मुलाला असं सांगितलं की पटकन कळतं. दुरेघी वही घ्या आणि शिरोरेषा वरच्या रेघेवर आली पाहिजे एवढं सांगा. दोन्ही लिप्या एकदमच शिकवायची वेळ आली तर वह्या वेगळ्या ठेवा, इंग्रजीला चाररेघी, आणि एकाच बैठकीत दोन्ही नको.

शिरोरेषा आधी की नंतर? अक्षर आधी, रेघ नंतर. सुरुवातीला अक्षरागणिक, शब्द यायला लागले की पूर्ण शब्द लिहून मग वरून एक रेघ, डावीकडून उजवीकडे. इथे एक खड्डा आहे. भ, ध, थ यांची शिरोरेषा डावीकडे उघडी असते, आणि मूल उत्साहाने त्या उघड्या जागेवरूनही सुसाट रेघ ओढतं, की धर चं झालं घर, आणि भर चं झालं मर! आमच्याकडे "घागर भर" ची "घागर मर" झाली होती, आम्ही हसून हसून बेजार, पण तेव्हाच तिला ते कायमचं समजलं. त्यामुळे अशा अक्षराजवळ रेघ थांबवून उचलायची, "इथे गेट आहे" म्हणायचं.

काना सोपा. मात्रेचा तिरपेपणा आणि अनुस्वाराची जागा दोन-तीनदा दाखवली की येते. त्रास देते ती पहिली वेलांटी, कारण ती बोलताना नंतर येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी. मूल क लिहून मोकळं होतं आणि मग वेलांटीला डावीकडे जागाच नसते, ती आधीच्या अक्षरात घुसते. म्हणून आधी वेलांटीची उभी रेघ काढायला लावा, मग अक्षर, मग वरचं वळण. पहिली आणि दुसरी वेलांटी वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवा, एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवलीत तर पुढची दोन वर्षं गोंधळ विकत घेतलात म्हणून समजा. उकारांचं तसंच.

दोन शब्दांमध्ये अंतर ठेवायला एक बोट. हे सगळ्यांना माहितेय, पण डावखुऱ्याला बोट ठेवणं अडचणीचं जातं, त्याला छोटी काडी द्या.

डावखुरं मूल

हात बदलायला लावू नका, विषय संपला. साधारण दहातलं एक माणूस डावखुरं असतं. दोन ते चार वर्षांत कल दिसायला लागतो आणि ५-६ पर्यंत बहुतेकांचा पक्का होतो, तोपर्यंत पेन्सिल मुलाच्या बरोब्बर मधोमध ठेवा आणि ते कुठल्या हाताने उचलतं ते बघा. डावखुऱ्याने पेन्सिल जरा वरती धरावी, टोकापासून तीनेक सेंटीमीटर, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मनगट वरून वाकवून आकडा करावा लागत नाही. कित्ता ओळीच्या डावीकडे असला की तो त्याच्याच हाताखाली झाकला जातो, म्हणून उजवीकडेही एक काढून ठेवा. शिरोरेषा ओढताना त्याचा हात रेघ ढकलत जातो, त्यामुळे काही मुलं ती उजवीकडून डावीकडे ओढतात, ओढू द्या. बाकावर डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर मारामारी.

खोडरबर, उलटी अक्षरं वगैरे

खोडरबर पहिलं वर्षभर लपवून ठेवा. मूल एक अक्षर चार वेळा पुसतं, कागद काळा होतो, आणि सगळा वेळ पुसण्यात. चुकलं की एक आडवी रेघ मारून शेजारी परत.

अक्षरं-आकडे उलटे काढणं, आरशातल्यासारखे, साधारण ७ वर्षांपर्यंत अगदी नेहमीचं. ३ आणि ६ तर एकमेकांचे आरसेच आहेत, मोठ्यांनीही कधीतरी विचार करावा लागतो. ओरडू नका, सुरुवात कुठल्या दिशेने ते बोलून दाखवा, आणि दोन्ही एकत्र शिकवू नका.

"लिहायचं नाही" म्हणून पाय आपटले तर वही बाजूला. सामानाची यादी त्याच्याकडून लिहून घ्या, खोलीच्या दाराला लावायची पाटी, आजीला चिठ्ठी. आमच्या धाकट्याने पहिलं मनापासून लिहिलेलं वाक्य म्हणजे दारावरची "आत यउ नय". त्यात तीन चुका होत्या, मी एकही दुरुस्त केली नाही, कारण अक्षराच्या वेळी शुद्धलेखन काढलं की दोन्ही जातं.

कधी कुणाला तरी दाखवावं

सहा-सात वर्षांचं झालं तरी लिहिताना हात बदलत राहतो, थोडं लिहिलं की हात दुखतो, साधे आकार बघून काढता येत नाहीत, किंवा रोज थोडा सराव करूनही कित्येक महिन्यांत काहीच हलत नाही, असं असेल तर आधी डोळे तपासून घ्या आणि मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (हाताची, रोजची कामं जमायला मदत करणारे तज्ज्ञ) जा. बटणं लावणं, कात्री, चेंडू झेलणं यातही मूल मागे असेल तर ते मुद्दाम सांगा. जाताना नीटनेटकी वही नेण्यापेक्षा मूल लिहितानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, हाताच्या जवळून काढलेला, आवाजासकट.